फुगडीच्या पानांची गौर

तर डोंगरावर एक सडा होता. सड्याच्या खाली रान होतं, रानाच्या खाली गाव होतं, आणि हे सगळं आपलंच आहे असं समजणारा एक राजा होता. समजू दे बापडा. सड्याला त्याचा पत्ताही नव्हता.

सडा म्हणजे काय ते सांगते. डोंगराचा माथा सपाट असतो ना, नुसत्या कातळाचा, तो सडा. उन्हाळ्यात तिथे तळपाय भाजतात. पण भाद्रपदात, बरं का, कातळाच्या खळग्याखळग्यात पाणी साचतं, चिखल होतो, आणि त्या चिखलात फुलंच फुलं. आमच्या लहानपणी सड्यावर पाय ठेवायला जागा नसायची. आता जागा पुष्कळ झाली आहे, कारण पाय पुष्कळ झालेत. असो. नमू, त्याचं पांघरूण सोड. त्याच्या अंगावर एवढंसं राहिलंय.

मग त्या गावात रीत होती तेरड्याच्या गौरीची. मुखवटे नाहीत, दागिने नाहीत. गावातल्या एका मुलीने सड्यावर जायचं. चिखलातल्या तेरड्याला विचारायचं, "येतेस का माहेरी?" मग एक रोप मुळासकट अलगद काढायचं, तोंडात पाण्याची चूळ धरायची, आणि मागे वळून न बघता घरी यायचं. चूळ कशाला? वाटेत बोलू नये म्हणून. नुसतं "बोलू नका" सांगून भागत नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं.

गौर तीन दिवस राहायची. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तिसऱ्या दिवशी दहीभात, ओटी आणि पाठवणी. जिथून आणली तिथेच, सड्यावरच्या चिखलात तिला परत लावून यायचं. माहेरवाशीण ती. तिलाही तिचं घर असतं.

गावात एका गवळ्याच्या दोन पोरी होत्या. थोरली येसू, धाकटी चिमा. दोघी रोज सड्यावर म्हशी चारायच्या. येसू बोलायची आणि चिमा हसायची, असं त्यांचं वाटून घेतलेलं होतं. त्या वर्षी राजाच्या घरची गौर आणायची पाळी येसूची आली. ती गेली, विचारून रोप काढलं, चूळ धरली, आणि गौर आणून राजाच्या देवघरात ठेवली.

आता राजाची राणी. ती सड्याच्या पलीकडच्या गावची. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि ती एकदाही माहेरी गेली नव्हती. राजा काही वाईट नव्हता हो. ती विचारायची, तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात जा." बारा वर्षं पुढचा महिना काही उजाडला नाही.

त्या वर्षी गौर आली आणि राणी हसली. राजाने ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी गौरीची ओटी भरताना राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. राजाने तेही पाहिलं. त्याला फार वाईट वाटलं. आणि राजाला वाईट वाटलं की हुकूम निघतो.

प्रधानाने हुकूम लिहिला, "प्रस्तुत गौरीचा मुक्काम पुढील आदेश होईपर्यंत वाढवण्यात येत आहे." वर शिक्का मारला. राणीला कुणी विचारलं नाही. गौरीलाही नाही. देवघरात एक मोठं घंगाळ आणलं, त्यात गौर ठेवली, भोवती चार शिपाई उभे केले. माळ्याला सांगितलं, "गौर कोमेजता कामा नये."

माळी काय करणार? तेरड्याचा रंग तीन दिवस, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण हुकमाला कोण सांगणार? मग एक रोप मान टाकू लागलं की माळी गुपचूप दुसरं आणून खोचायचा. कधी बागेतलं, कधी रानातलं. घंगाळ कसं भरगच्च दिसायचं! राजा रोज बघून म्हणायचा, "पाहा, राहिली की नाही!"

तिकडे सड्यावर डोंगराई वाट बघत होती. डोंगराई म्हणजे डोंगराची आई. सगळ्या फुलांची आई तीच. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. लेक काही परत आली नाही. आठव्या दिवशी येसू म्हशी घेऊन वर गेली. संध्याकाळी म्हशी आपल्या आपण घरी आल्या. येसू आली नाही.

घरी चूल पेटली नाही. सकाळ होताच चिमा धावत सड्यावर गेली. पाणथळीच्या कडेला येसूचं पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं पडलं होतं, आणि त्या इरल्याखाली एक म्हातारी बसली होती. एवढीशी, सुरकुतलेली, पाय चिखलात सोडून.

"आजी, माझी बहीण पाहिलीत का हो?"

"पाहिली म्हणजे काय, ठेवून घेतलीय," म्हातारी म्हणाली. "तुमच्या राजाने माझी लेक ठेवली, मी तुमची ठेवली. फिट्टंफाट."

"कुठे आहे ती?"

"ही काय तुझ्या समोर."

समोर तेरडेच तेरडे. हजारो. सगळे गुलाबी, सगळे वाऱ्यावर डुलणारे.

म्हातारी म्हणाली, "तीन दिवस तिचा रंग टिकेल. मग शेंग धरेल. तेरड्याची शेंग कशी असते, ठाऊक आहे ना? बोट लागलं की फट्! दहा दिशांना बी. मग गोळा करत बस दहा बहिणी. त्याच्या आत माझी लेक आणून दे आणि तुझी घेऊन जा."

"एवढंच ना? आत्ता आणते," चिमा म्हणाली. तिला वाटलं, तेरडा तो तेरडा. त्यात काय ओळखायचं!

झोपलास का रे? नाही? मग डोळे मीट आणि नुसतं ऐक.

पहिल्या दिवशी चिमा दह्याचं मडकं घेऊन राजाकडे गेली. गवळ्याच्या पोरीला कोण अडवतंय? देवघरात शिपाई डुलक्या घेत होते. माळी घंगाळात पाणी घालत होता.

"माळीबाबा, एक रोप द्या ना. माझी बहीण अडकलीय."

माळी भला माणूस. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांत टपोरं, सगळ्यांत लाल रोप तिच्या पदराखाली दिलं. "घे. याच्याइतकं देखणं दुसरं नाही."

चिमा डोंगर चढून गेली. म्हातारीने रोप हातात घेतलं आणि हसली.

"ही बागेतली. पाकळीत पाकळी, वर पाकळी. नुसती झालर! माझ्या लेकींना एवढे कपडे कुठून परवडणार? त्यांची पाकळी साधी, एकेरी. जा, परत नेऊन दे. हिचा इथे एक दिवसही निभाव लागणार नाही."

चिमाने सड्याकडे पाहिलं. सगळा सडा सकाळपेक्षा जरा फिका दिसत होता.

दुसऱ्या दिवशी चिमाने माळ्याला विचारलंच नाही. स्वतः शोधलं. साध्या, एकेरी पाकळीचं रोप. मिळालं. घेतलं, धावली. धाप लागली तरी थांबली नाही.

म्हातारीने या वेळी फुलाकडे पाहिलंही नाही. तिने पानं पाहिली.

"ही रानातली. झाडाखालच्या सावलीतली, तुमच्या गावाच्या शेजारची. पानं बघ कशी लागलीत. एक इकडे, थोडं वर एक तिकडे. पाणवठ्याला निघालेल्या बायांसारखी, एकीमागे एक. आता माझ्या लेकींची बघ."

चिमा वाकली. चिखलातल्या तेरड्याची पानं जोडीजोडीने होती. दर पेरावर दोन, अगदी समोरासमोर. जशा दोघी हात धरून फुगडीला उभ्या राहिल्यात.

"अगं बाई," चिमा म्हणाली.

"सात वर्षं इथे म्हशी चारतेस. हे कधी दिसलं नाही?"

"मी फुलं बघत होते, आजी."

"फुलं काय, सगळेच बघतात. जा. ही रानातली आहे, तिला वाटेत रानात लावून जा. तिची चूक नाही."

चिमाने तिला रानात सावलीत लावलं आणि वर वळून पाहिलं. सडा आणखी फिका झाला होता. गुलाबी म्हणायचा म्हणून गुलाबी.

मग आला तिसरा दिवस. चिमा पहाटेच निघाली. घंगाळातली रोपं तिने एकेक करून पाहिली. एकीमागे एक. एकीमागे एक. झालरवाली. एकीमागे एक. फुगडीची पानं कुठेच नाहीत! शिपायांना विचारलं, तर ते म्हणाले, "आमचं काम पहारा करायचं, ओळखायचं नाही." मग दप्तरात गेली. कारकुनाला म्हणाली, "काका, सड्यावरची गौर कुठली, याची काही नोंद?" कारकुनाने चष्मा पुसला, चोपडी काढली, पानं उलटली आणि वाचलं, "तेरडा. गुलाबी. भरपूर." आणि चोपडी मिटली. काम चोख होतं, त्यात शंका नाही.

चिमा देवघराच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. दुपार व्हायला आली होती. डोंगर चढायला अर्धी दुपार लागते. येसू आता शेंग धरणार. येसू आता दहा जागी उडणार.

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "काय शोधतेस गं?"

राणी होती.

"फुगडीची पानं शोधतेय, राणीसाहेब."

राणी हळूच म्हणाली, "आमच्याकडे पण असंच म्हणायचे." आणि तिने चिमाचा हात धरला. हात धरून तिला मागच्या खिडकीपाशी नेलं. ती खिडकी सड्याकडे उघडायची. खिडकीत एक साधा तांब्या होता, आणि तांब्यात एक काडी. फूल नाही, रंग नाही. मान टाकलेली. पण खाली, बरं का, अगदी खाली, दोन पानं. समोरासमोर. आणि मुळाशी अजून चिकटलेला सड्याचा चिखल.

"माळ्याने हिला चौथ्याच दिवशी उकिरड्यावर टाकलं," राणी म्हणाली. "मी उचलून आणलं. मला पाहताक्षणी कळलं, ही आमच्या बाजूची."

म्हणजे बघा हं. चार शिपाई रात्रंदिवस ज्या घंगाळाभोवती पहारा देत होते, त्यात गौर नव्हतीच. पहारा मात्र कडक होता.

"राणीसाहेब, हिला द्या मला. हिच्या बदल्यात माझी बहीण आहे."

राणीने तांब्या उचलला. छातीशी धरला.

"हिला परत जायचंय हे मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी पाणी घालताना म्हणायचे, उद्या पाठवीन. पण मला एवढंच माहेर उरलं होतं. तांब्याभर." मग तिने पदराने डोळे पुसले, काडीला हळदकुंकू लावलं, चिमाच्या पदरात दहीभात बांधून दिला आणि म्हणाली, "ने."

दारात राजा उभा! त्याने विचारलं, "गौर कुठे चालली?"

"माहेरी आली होती, आता आपल्या घरी चालली," राणी म्हणाली.

"कुणाच्या परवानगीने?"

राणीने त्याच्याकडे पाहिलं. "माहेरी यायला परवानगी लागते हे माहीत होतं. परत जायलाही लागते का?"

राजा बाजूला झाला.

चिमाने तोंडात चूळ धरली आणि चालायला लागली. वेशीवर शिपायाने अडवलं, "ए पोरी, काय नेतेस?" चिमा गप्प. "कुणी सांगितलं?" चिमा गप्प. शिपायाने विचार केला, एवढं विचारूनही जी बोलत नाही तिला नक्की वरून हुकूम असणार. त्याने मुजरा केला आणि वाट सोडली.

गाव गेलं. रान गेलं. रानात कालची बया तरारून उभी होती. चिमा थांबली नाही, मागे वळली नाही. सड्यावर पोचली तेव्हा ऊन कलंडलं होतं. तिने पाणथळीत हाताने खड्डा केला, काडी लावली, तोंडातली चूळ तिच्या मुळाशी सोडली. काडीची मान हळूहळू वर झाली. फूल नाही आलं, एवढ्यात कुठून येणार? पण पानं मात्र ताठ झाली, फुगडी खेळायला उभी राहिल्यासारखी.

म्हातारीने त्या काडीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग नाक ओढून म्हणाली, "आता तू. तुझी ओळख आणि ने. एकदाच बोट लावायचं. बरोबर लागलं तर शेंगेतून तुझी बहीण निघेल. चुकलीस तर नुसती बी उडेल, आणि तुझ्या बहिणीची पुढल्या पावसात वाट बघ."

चिमाने पाहिलं. सडा जवळजवळ पांढरा झाला होता. सगळी फुलं सारखी. एक जास्त डुलत होतं. येसू अशीच नाचरी, चिमाला वाटलं. बोट पुढे केलं, पण मागे घेतलं. डुलायला काय, वारा लागला की कुणीही डुलतं. दुसरं एक मान घालून उभं होतं. हीच, हीच रडतेय! पण मग तिला वाटलं, उदास दिसणारं प्रत्येक जण काही आपल्यासाठीच उदास नसतं. त्याला पाणी कमी पडलं असेल.

मग चिमाने फुलांकडे बघायचं सोडलं. चिखलात गुडघे टेकले आणि पानं बघत निघाली. फुगडी. फुगडी. फुगडी. फुगडी. सूर्य डोंगरापलीकडे टेकला. फुगडी. फुगडी. आणि एकदम...

एकीमागे एक!

एक रोप होतं. पानं एक इकडे, एक तिकडे. रानातलं. सावलीतलं. गावच्या शेजारचं. ते चिखलात घोट्याइतक्या पाण्यात उभं होतं आणि थंडीने कापत होतं, कारण इतकं पाणी त्याच्या पायांना सोसत नव्हतं. बाकी सगळी फुलं मावळत्या उन्हाकडे तोंड करून होती. या एकाने उन्हाकडे पाठ फिरवली होती. ते खाली बघत होतं. खाली रान होतं, रानाच्या खाली गाव होतं, आणि गावात कुणाकुणाच्या चुलीचा धूर निघत होता.

चिमाने लगेच बोट लावलं नाही. रीत ती रीत. तिने विचारलं, "येतेस का घरी?"

रोप थरथरलं. तिने बोट लावलं. फट्! बी उडाली चहूकडे, चिमाच्या नाकावर, केसांत, चिखलात. आणि समोर येसू उभी, घोटाभर पाण्यात, शिंकत.

"किती उशीर गं! पाय बघ माझे, पांढरेफटक पडलेत!"

चिमा हसायलाही लागली आणि रडायलाही.

"आणि परवा माझ्या अंगावर पाय देऊन गेलीस, ते कोण बोलणार? तीनदा हाक मारली मी."

"तेरड्याला बोलता येतं होय?"

"तुला ऐकू येत नाही म्हणून बोलू नये की काय!"

म्हातारी इरल्याखाली खुदकन हसली. दोघींनी वळून पाहिलं तर इरलं तेवढं होतं. म्हातारी नव्हती. मग दोघींनी दहीभात खाल्ला, इरलं उचललं, आणि हात धरून खाली उतरल्या. येसू बोलत होती आणि चिमा हसत होती.

गावात काय झालं? घंगाळ परत स्वयंपाकघरात गेलं. राजाने नवा हुकूम काढला, की राणीने दर भाद्रपदात तीन दिवस माहेरी जावं. राणी म्हणाली, हुकूम कशाला, नुसतं जा म्हणा. राजा म्हणाला, "जा." ती गेली आणि पाचव्या दिवशी परत आली. राजाने दिवस मोजले होते, पण विचारलं नाही. थोडा शहाणा झाला होता. आणि दप्तरातल्या कारकुनाने चोपडीत नवी नोंद केली, "तेरडा. तीन प्रकारचे. पानं बघावीत." हे काही कमी नाही. दप्तर एवढं बदलायला एरवी तीन पिढ्या जातात.

चिमाच्या बोटाने जी बी उडाली, ती सड्यावरच रुजली. म्हणून अजूनही, सगळ्या फुगडीच्या पानांत एखादा तेरडा एकीमागे एक पानांचा निघतो, आणि त्याचं तोंड गावाकडे असतं. मी पाहिलाय. मी तुझ्याएवढी होते तेव्हा आमच्या आत्याने दाखवला होता. ती दर वर्षी गौरीला यायची, तीन दिवस. आम्हा पोरांच्या मधोमध झोपायची आणि हीच गोष्ट सांगायची. गोष्ट संपली की आम्ही तिचा पदर हाताला गुंडाळून झोपायचो, म्हणजे सकाळी ती जाऊ नये. चौथ्या दिवशी जाग यायची तेव्हा पदराच्या जागी पांघरुणाचं टोक असायचं, आणि दारातून एसटीचा आवाज.

उद्या सकाळी तुमचीही गाडी आहे. तुमच्या आईने पिशव्या भरून ठेवल्यात, पाहिल्या मी. मुक्काम वाढवायचा हुकूम मलाही काढता येतो, बरं का. शिक्काही आहे माझ्याकडे, खणात. पण नाही काढायचा. पुढच्या वर्षी या म्हणजे झालं. मग सड्यावर जाऊ, आणि पानं बघू.

येसू-चिमा त्यांच्या घरी पोचल्या, गौर तिच्या घरी, राणीही आपल्या माहेरी जाऊन आली. आता तुम्ही तेवढे आपापल्या उशीवर पोचा. नमू, माझा पदर सोड. बरं, राहू दे. धर. झोप.